‘बूस्ट २.५ बार’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामावर लिहितोय. मॅक्लारेनची एमपी ४/४ गाडी आणि तिचं होंडाचं दीड लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). ‘बूस्ट २.५ बार’साठी मी ‘दाब’ लिहिलं, एक मित्र म्हणतो ‘जादा दाब’ हवं. आणि ‘टर्बो लॅग’ला काय म्हणायचं?

— ‘जादा दाब’ इथे सरळ चूक आहे. गॅरेजमध्ये बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या वर चढलेला दाब, त्याचा काटा शून्यापासून सुरू होतो. पण त्या वर्षी नियमाने घातलेली २.५ बारची (बार हे दाबाचं एकक) कमाल मर्यादा वातावरणाचा साधारण १ बार धरून होती. म्हणजे जादा फक्त दीड. आदल्या वर्षी हीच मर्यादा ४ बार होती, म्हणजे जादा ३, तेव्हा कपात निम्म्याची. शिवाय शर्यतीसाठीचं पेट्रोल १९५ लिटरवरून १५० वर आणलेलं. टर्बोंना वेसण घालायचा हेतू होता, तरी होंडाच्या इंजिनावर मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती मारल्या! ‘इनटेकमधला (हवा आत घेणाऱ्या नळीतला) एकूण दाब’ लिहा.

— ‘एकूण दाब’ नको. द्रवगतिशास्त्रात तो वेगळ्याच राशीला म्हणतात. ‘निरपेक्ष दाब’ अचूक, पण क्रीडापानावर जड. ‘हवेचा दाब धरून २.५ बार’ लिहा, कुणी अडखळणार नाही.

— लॅगला ‘विलंब’ म्हटलं की रेल्वेची घोषणा आठवते. मेकॅनिक म्हणतो, ‘गाडी उशिरा उचलते’. तेच घ्या. पेडल दाबलं तरी एक्झॉस्टचा जोर वाढून टर्बाइन वेगात येईपर्यंत ताकद मिळत नाही, मग एकदम धक्का. रेनॉने १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली, तिला एकच मोठा टर्बो होता. १९७९ मध्ये दोन लहान बसवले. टर्बाइनचं लहान चाक हलकं, लवकर फिरतं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दिजोंला रेनॉचा चालक जाबुई जिंकला, तो टर्बो गाडीचा पहिला विजय. शीर्षकात मात्र ‘टर्बो लॅग’च ठेवा, वाचक तोच शब्द शोधतो.

प्रश्नकर्ता: ‘हवेचा दाब धरून’ पटलं. पॉप-ऑफ व्हॉल्व्हचं काय?

— मर्यादेपलीकडचा दाब सोडून देणारी झडप, कुकरच्या शिट्टीसारखी. ‘सुटका-झडप’ वगैरे घडवू नका. पॉप-ऑफ व्हॉल्व्हच लिहा, आणि ती संघांना नियामक संस्थेकडून मिळायची हेही सांगा, नाहीतर ती होंडाची करामत वाटेल.