मदत हवी आहे: बँकॉकची इनडोअर शूटिंग रेंज. बायकोला नेम धरायचाय, माझ्या कानात आधीच माग चालतोय

नमस्कार मंडळी,

सोलापुरात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. यंदा कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं (खरं तर पुट्टीने तारलं, रंगाने नव्हे), म्हणून डीलर टूर लागली आहे. बँकॉक-पट्टाया, पाच दिवस, जोडीने. त्यातला एक दिवस मोकळा आहे आणि त्या दिवशी काय करायचं याची यादी टूरवाल्याने व्हॉट्सअॅपवर टाकली. मगरी, तरंगता बाजार, मसाज आणि शेवटून दुसरं नाव 'इनडोअर शूटिंग रेंज, खरी बंदूक, खऱ्या गोळ्या'. मी ते वाचून पुढे सरकलो होतो. आमच्या हिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

ही कॉलेजात एनसीसीला होती, सी सर्टिफिकेटवाली. पॉइंट २२ (म्हणजे ०.२२ इंच नळीच्या) रायफलने २५ मीटरवर पाच गोळ्या पेढ्याएवढ्या जागेत मारल्याची गोष्ट मी लग्नापासून ऐकतोय. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजीत ब्राँझ मिळवलं तेव्हा तिने अख्खी फायनल उभ्याने बघितली आणि दूध उतू गेलं. त्यामुळे 'कशाला जायचं' हा प्रश्न माझ्या हातात उरलेला नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. मी पूर्व भागातला. घरात आठ माग होते, खाली माग आणि वर आम्ही. लहानपणी माग थांबला की झोप मोडायची. शाळेतून आलं की कांड्या भरायला खाली. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री जास्त. गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) शोभेच्या दारूकामाला मी होम मैदानाच्या पार कडेला उभा असतो, तेही पोरांना दाखवायचं म्हणून. बंद खोलीत खरी बंदूक वाजली तर काय होईल? तिथे देतात ते हेडफोनसारखं कानाचं कव्हर पुरतं का? की मी हॉटेलातच थांबू? कंपनीचे बाकीचे डीलर असणार, त्यांच्यासमोर 'मालक घाबरले' असं व्हायला नको, हेही आहेच. खोटं कशाला बोला.

शिवाय हिला काय सांगू? पंचवीस वर्षांत तिने बंदुकीला हात लावलेला नाही. पॅकेजमध्ये पिस्तूल आहे, शॉटगन आहे, अजून काय काय आहे. काय घ्यावं, काय टाळावं, कपडे, कागदपत्रं, परत येताना काही भानगड? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

चाटी_गल्ली:

काय बे, गड्ड्यावर फुगे फोडलेला माणूस तू, घाबरूलालास कशाला? तिथली बंदूक तर वाकडीच असते, उजवीकडचा फुगा धरायचा आणि डावीकडचा फोडायचा. थायलंडची तरी सरळ असंल.

(वहिनींना आमच्याकडून शुभेच्छा. तुला नाही.)

रंकाळ्यावरचा:

कोल्हापूरचा आहे, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं जमणार नाही. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आमच्याच गावच्या आणि स्वप्निल राधानगरीकडच्या कांबळवाडीचा. स्वतः मी दहा मीटर एअर रायफल सहा-सात वर्षं केली, पदक एकही नाही.

आधी वहिनींचं. एनसीसीत झोपून मारलेलं असतं, कोपरं जमिनीला टेकलेली. टूरिस्ट रेंजवर बहुतेक उभ्याने मारायला लावतात. उभ्याने रायफलची नळी हलते, श्वासासोबत वर-खाली होते. पेढ्याएवढं ग्रुपिंग (सगळ्या गोळ्या एकाच जागी) पहिल्या पाचात येणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे रेंजवर वाद नको. टेबलाला टेकून बसून मारायची सोय असेल तर मागून घ्या.

सुरुवात पॉइंट २२ रायफलनेच करा. त्यांनी पूर्वी मारलेली तीच गोळी आहे आणि कुसाळेच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्येही (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) तीच वापरतात. गोळीचं वजन साधारण अडीच ग्रॅम, धक्का जवळजवळ नाही. ९ एमएम पिस्तुलाची गोळी त्याच्या तिप्पट जड, साडेसात-आठ ग्रॅमची. धक्का सोसण्यासारखा असतो, पण पकड चुकली की वरची स्लाइड सपकन मागे येते आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी घेऊन जाते. उजव्या हाताने मारणाऱ्याने दोन्ही अंगठे डाव्या बाजूला एकावर एक ठेवायचे. डावा अंगठा मागून आडवा टाकायचा नाही. चहाचा कप धरल्यासारखा दुसरा हात खाली लावायचा नाही, सिनेमात काहीही दाखवोत.

पॅकेजमधल्या मोठ्या बंदुका फोटोसाठी असतात. बारा बोअरची शॉटगन खांद्यात नीट रुतवून धरली नाही तर दुसऱ्या दिवशी बॅग उचलताना आठवण येते. जास्त ताकदीच्या गोळीचं मॅग्नम रिव्हॉल्व्हर तर नवख्याने बघूनच समाधान मानावं. पैसे गोळ्यांवर असतात, म्हणून काउंटरवरचा माणूस मोठं पॅकेज गळ्यात मारणार. पॉइंट २२च्या जास्त गोळ्या मागा, मजा त्यातच आहे.

आणि चार गोष्टी पाठ करून जा, तिथला इन्स्ट्रक्टर इंग्रजीत भराभर बोलतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम समोर, टार्गेटकडे. नेम धरून होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं, रेंजवर ती काळजी त्यांची. नवख्याची खरी चूक पुढे होते. गोळी अडकली की तो 'हे बघा ना' म्हणत बंदुकीसकट वळतो. वळायचं नाही. नळी समोर ठेवून तोंडाने हाक मारायची.

पूर्वभागवाला (धागाकर्ता):

बाप रे, छापून ठेवतो. ही शेजारी बसून वाचतेय. 'उभ्याने हलते' याला तिचा आक्षेप आहे.

कानाचं कुणीतरी सांगा.

कानगोष्टी:

ऑडिऑलॉजिस्ट आहे, कान तपासणं हाच धंदा. तुमचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

मागाच्या शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. वर्षानुवर्षं रोज तेवढा आवाज कानात गेला की आतल्या केसपेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. शिट्टी वाजते ती बहुतेक त्याचीच खूण. बंदुकीचं गणित निराळं आहे. पॉइंट २२ रायफल १४० डेसिबलच्या आसपास, ९ एमएम पिस्तूल १५०च्याही वर. डेसिबलमध्ये दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते. क्षणभराचा आवाज १४०च्या पुढे गेला तर एका बारातही कायमचं नुकसान होऊ शकतं. बंद खोलीत आवाज भिंतींवरून उलटून येतो, आणि तुम्ही पॉइंट २२ मारत असलात तरी शेजारच्या लेनमधला पाहुणा काय घेऊन उभा आहे ते तुमच्या हातात नसतं.

नुसतं कव्हर पुरेसं नाही. आधी फोमचे इअरप्लग, त्यावर कव्हर. दोन्ही मिळून संरक्षणाची बेरीज होत नाही, दोन्हींत जे भारी असेल त्यावर पाचेक डेसिबलची भर पडते. पण तुमच्या कानाला ती पाचही हवीत. प्लग इथूनच घेऊन जा आणि घरी सराव करा. बोटांत गोल फिरवून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला की बसला. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो दागिना आहे, प्लग नव्हे.

चष्म्याच्या जाड काड्या आणि मोठे कानातले कव्हरखाली फट ठेवतात. वहिनींनी वेल-झुमके हॉटेलात ठेवावेत.

तुमच्यापुरतं स्पष्ट सांगते. आधीपासून शिट्टी असलेल्या माणसाने हौसेखातर हा आवाज घेऊ नये. काचेमागे थांबा, तिथेही प्लग घालून. जायच्या आधी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, रेंजला गेलात किंवा नाही गेलात तरी. चव्वेचाळीस हे त्यासाठी लवकर नाही. आणि कधी मोठ्या आवाजानंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर 'उद्या बघू' करू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा.

चाटी_गल्ली:

वरचं वाचून गप बसलो. आमच्याबी घरी माग होते.

ट्रॉलीबॅगवाली:

मी प्राग आणि पट्टाया दोन्हीकडे केलंय, तेव्हा अनुभवाचे बोल.

गळाबंद कपडे घाला! पिस्तुलातून रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, आणि ती तव्यावरून काढल्यासारखी गरम असते. माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून एक आत गेली. हातात भरलेलं पिस्तूल आणि आत निखारा. नाचावंसं वाटतं, पण नाचायचं नाही. इन्स्ट्रक्टरने मनगट घट्ट धरून ठेवलं म्हणून निभावलं, डाग अजून आहे. मंगळसूत्र आत टाका, टोपी असेल तर घाला, पायात बंद बूट. चप्पल-सँडल नको. डोळ्यांना त्यांचा चष्मा असतोच.

मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही असं सांगून माझ्या मैत्रिणीला परत पाठवलं होतं. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर जाऊ नये. तुमच्यासोबत डीलर मंडळी आहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

मारून झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, मगच काही खा. काडतुसाच्या टोपीत शिशाचं संयुग असतं, त्याची धूळ हाता-कपड्यांवर बसते. तोच ड्रेस परत घालू नका. पोटुशी बाई, लहान मूल यांना त्या हवेत नेऊच नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत येतानाचं. आठवण म्हणून पुंगळी आणू नका. जिवंत काडतूस चुकून खिशात राहिलं तर १९५९चा शस्त्र कायदा लागतो, विनापरवाना काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे आणि 'टूरिस्ट रेंजवर मिळालं' हा परवाना नव्हे. रिकाम्या पुंगळीवरूनही एक्स-रेच्या पट्ट्यापाशी तासभर उभं करतात, विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आणि रेंज परतीच्या दिवशी ठेवू नका. आजच्या काडतुसांच्या दारूत बऱ्याचदा नायट्रोग्लिसरीन असतं. विमानतळावर स्फोटकं शोधायला हाता-बॅगेवरून पट्टी फिरवतात, त्यात ते उमटू शकतं.

आई_दोन_मुलांची:

अवांतर विचारते. दिवाळीत आम्हीही चाललोय, मुलगा चौदाचा. त्याला देतात का? गेमवर हेच खेळत असतो.

रंकाळ्यावरचा:

ताई, बँकॉकच्या सियाम पॅरागॉन मॉलमध्ये ३ ऑक्टोबर २०२३ला चौदा वर्षांच्याच मुलाने गोळीबार केला. त्यानंतर तिथल्या सरकारने स्पर्धेतले खेळाडू सोडून २० वर्षांखालच्यांना रेंजवर येऊ देणार नाही असं जाहीर केलं. कुणी 'चालतंय, आणा' म्हणालं तर ती रेंजच टाळा. अमेरिकेत २०१४ साली अॅरिझोनात अशाच पर्यटकांच्या रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी नावाची ऑटोमॅटिक बंदूक दिली. धक्क्याने नळी वर गेली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गेला.

मुलाला खरंच आवड असेल तर इथेच दहा मीटर एअर रायफल दाखवा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, आवाज टाचणी पडल्याएवढा नाही पण टाळीएवढाच. मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा. गेमवाली पोरं पहिल्या तासात गप्प होतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात रेंज आहे, एकदा नेऊन आणा.

पूर्वभागवाला (धागाकर्ता):

अपडेट. मंगळवारी परत आलो.

जायच्या आधी ऑडिओग्राम केला. डावा कान अपेक्षेपेक्षा वाईट, उजवाही धड नाही. त्यामुळे काचेमागे थांबायचं हे ठरूनच गेलो. प्लगचा सराव इतका झाला होता की दुकानात गिऱ्हाइकाचं ऐकू येईना.

रेंजवर काउंटरवाल्याने अपेक्षेप्रमाणे पाच बंदुकांचं पॅकेज पुढे केलं. हिने पॉइंट २२ रायफलच्या गोळ्या मागितल्या आणि पिस्तुलाच्या फक्त पाच. उभ्यानेच मारावं लागलं. पहिल्या पाच कागदभर विखुरल्या. मी काचेतून बघत होतो, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मग बराच वेळ तशीच उभी राहिली, इन्स्ट्रक्टरने घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या पाच पेढ्याएवढ्या नाहीत, पण भाकरीएवढ्या जागेत. आपल्या कडक भाकरीएवढ्या, मोठ्या नव्हे. इन्स्ट्रक्टरने मला खुणेने आत बोलावलं, मी कानाकडे बोट दाखवून नाही म्हटलं. बाकीचे डीलर हसले नाहीत, ते शॉटगनने खांदे शेकून बसले होते.

काचेमागेही धप्प धप्प छातीत जाणवतं, पण शिट्टी वाढली नाही. ट्रॉलीबॅगवाली ताई, गळाबंद कुर्त्याबद्दल हिचे विशेष आभार, दोन पुंगळ्या खांद्यावरून घरंगळल्या.

त्यातली एक तिने पर्समध्ये टाकली होती. निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगा उलट्या करून शोधली आणि हॉटेलच्या टेबलावर ठेवून आलो. टार्गेटचा कागद तेवढा आणलाय, दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे. पुंगळीवरून अजून बोलणी खातोय.