मदत हवी आहे - मिसळीच्या हॉटेलात काम करणारा मुलगा

नमस्कार मंडळी, पंचवटीत आमच्या घराजवळ मिसळीचं एक हॉटेल आहे, तिथे १०-११ वर्षांचा एक मुलगा सकाळपासून प्लेटा विसळतो, सोड्याच्या पाण्याने बोटांची सालं निघालीयेत त्याची, काल पाव देताना बघितलं आणि घास उतरला नाही हो. मालकाला विचारलं तर म्हणे भाचा आहे, घरचंच काम.

मी थोडं वाचलं, बालमजुरीवर १९८६ चा कायदा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ च्या आतल्या मुलाला कुठेच कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत चालते, त्यात मामाही येतो, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि हा तर मंगळवारी अकरा वाजता मोरीवर बसलेला! दोषी ठरला तर मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

१०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन करणारच आहे. पण कोणी केलाय का आधी? तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर जातं का? मुलाला बालकल्याण समितीपुढे नेतात तेव्हा आईवडिलांना लगेच भेटू देतात का, आणि मधल्या वर्षात शाळेत घेतात ना? प्लीज अनुभव असेल तर सांगा, पोरगं घाबरायला नको एवढंच वाटतंय.