मदत हवी आहे: एकाच चिनी अक्षराचे युए, लऽ, याओ असे तीन उच्चार, कुठे कोणता?

नमस्कार मंडळी,

सुखावतीव्यूहाचं (सुखावती या बुद्धलोकाचं वर्णन करणारं बौद्ध सूत्र) कुमारजीव या बौद्ध भिक्षूनं केलेलं चिनी भाषांतर (इ.स. 402) मूळ संस्कृतशेजारी ठेवून वाचतोय. चिनी शिकतोय दोन वर्षं, तेही फक्त रविवारी, तेव्हा चुकलो तर कान धरा.

अक्षर इथे टाकलं की नुसता चौकोन उमटतोय, म्हणून सांगतो कसं दिसतं ते. वर मधोमध 'पांढरा', त्याच्या दोन्ही अंगांना रेशमाच्या धाग्याचे पीळ, खाली 'झाड'. एकूण 15 रेघा. (आताच्या चीनमध्ये 5 रेघांत उरकतात. त्यात ना धागा राहिला ना पांढरा.)

सूत्रात काही अडलं नाही. तिथल्या जिवांना दुःख नाही, सगळं सुखच, म्हणून त्या जागेचं नाव 'जी-लऽ', आपली सुखावती. म्हणजे सुख असेल तर लऽ. संगीत असेल तर युए. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ श्युन-त्झूचं एक वाक्य आहे, 'युए जऽ, लऽ ये': संगीत म्हणजे आनंद. कागदावर दोन्हीकडे तेच अक्षर! आपलं 'जरा' तसंच आहे म्हणा. 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' लिहायला एकच, ज मात्र वेगळा.

गाडी अडली 'लुन-यू'त, म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात, सहाव्या अध्यायात. 'शहाण्याला पाणी आवडतं, सज्जनाला डोंगर.' 'आवडतं'च्या जागी हेच अक्षर, मी बिनधास्त लऽ वाचलं. पण बाराव्या शतकातला भाष्यकार जू शी, त्याची टीप म्हणते, इथे दोन्हीकडे उच्चार 'पाच' आणि 'शिकवण' या अक्षरांवरून काढा. पहिल्याचं आद्य व्यंजन घ्यायचं, दुसऱ्याचा उरलेला भाग जोडायचा, ही रीत मला माहीत आहे. पण 'पाच' म्हणजे वू आणि 'शिकवण' म्हणजे ज्याओ. जोडून व्याओ व्हायला हवं, कोशात तर याओ आहे. व गेला कुठे?

प्रतिसाद 1
व गेला नाही, त्या काळी तो नव्हताच. टीपेतला उच्चार जुन्या उच्चारकोशांच्या परंपरेतला. तेव्हा 'पाच'ची सुरुवात ङ नं व्हायची, आपल्या वाङ्मयातला ङ. दक्षिण चीनमधल्या कँटनीजमध्ये तो अजून जिवंत आहे: पाच म्हणजे नुसता 'ङ्', आणि तुमचं अक्षर संगीताला ङोक, सुखाला लोक, आवडण्याला ङाऊ. उत्तरेकडच्या बोलीत हा ङ गळला, म्हणून तिथे वू आणि याओ.

जपानी शिकलेलं कुणी ओळखीचं असेलच, त्यांना विचारा. तिकडे ङ चा ग झाला: पाच 'गो', संगीत 'ओन्गाकू'. सुखाचं मात्र 'राकू'.

त्याच उताऱ्यात शेवटी 'शहाणा सुखी, सज्जन दीर्घायुषी' येतं. तिथे लऽच वाचा, जू शीही तेच सांगतो.

धागाकर्ता
वाङ्मयातला ङ! शाळेत ज्याला बिनकामाचा समजलो तोच उपयोगी पडला. आभार. जाता जाता, हेच अक्षर आडनावात आलं तर?

प्रतिसाद 2
प्राचीन चीनमधल्या यान राज्याचा सेनापती युए यी, त्याचं युए. आजच्या माणसाचं असेल तर त्यालाच विचारा. युए आणि लऽ, दोन्ही आडनावं आहेत.