इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनचा हॉस्पिटल ट्रस्ट जीपींचे (फॅमिली डॉक्टरांचे) दवाखाने चालवतोय, यात आनंद कसला?

खडूस_जीपी: "हॉस्पिटलांनी सगळे दवाखाने ताब्यात घेतले की अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठची फोनची मारामारी संपेल," असं काल इथे कोणीतरी ठोकून दिलं. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर.

रॉयल वुल्वरहॅम्प्टन ट्रस्टने (तिथली सरकारी हॉस्पिटलं चालवणारी संस्था) जून 2016 मध्ये हे सुरू केलं. आधी तीन दवाखाने, मग आणखी. एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) करार जीपींच्या नावावर, कारभार ट्रस्टचा, आणि कालचे भागीदार आज पगारी नोकर. 1948 पासून जीपी स्वतःच्या दुकानाचा मालक आहे. "या बाईंना घाईने घरी पाठवलंत" हे हॉस्पिटलला तोंडावर सांगू शकतो. उद्या पगार तेच देणार, मग बोलणार कोण? आणि ट्रस्टला पैसे कमी पडले की कात्री दवाखान्याला लागेल, ऑपरेशन थिएटरला नाही.

लोणचं: दुकान हा शब्द तुम्हीच वापरलात, बरं झालं. आमच्या गावातल्या 'दुकाना'चे दोन मालक निवृत्त झाले, तिसऱ्याने करार परत देऊन टाकला. घरात ऐंशीच्या सासूबाई. आता दुसरीकडे नाव घातलंय. आठ वाजून एक मिनिटाने फोन लावला तर बत्तिसावा नंबर. डॉक्टर पगारी आहे की जहागीरदार, मला काय करायचंय? 2020 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये वुल्वरहॅम्प्टनचाच अभ्यास आला. ट्रस्टकडे गेलेल्या दवाखान्यांच्या पेशंटांना अचानक भरती करावं लागण्याचं प्रमाण कमी झालं. वाचला नसेलच.

खडूस_जीपी: वाचलाय. घट बेताची आहे. आणि कोण कधी घरी गेलं हे दवाखान्याला वेळेत कळायला मालकी कशाला लागते? दोन्हीकडचे संगणक एकमेकांशी बोलले तरी पुरे. माझ्याकडे पेशंट आधी येतो, डिस्चार्जचं पत्र नंतर. त्यात शेवटच्या ओळीत, 'जीपीने रक्त तपासावे'. कधी? ती तारीख परवाच उलटलेली!

जुनी_पाटी: ही मालकी आपल्या लोकांना कशी मिळाली तेही सांगा की. बाबा 1971 मध्ये मिरजेहून आले, सर्जन व्हायला. हॉस्पिटलात रजिस्ट्रारच्या (कन्सल्टंटच्या खालच्या) पदापुढे कोणी सरकू देईना. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेला, कारखान्यांमागचा दवाखाना मात्र लगेच मिळाला. इनॉक पॉवेल वुल्वरहॅम्प्टनचाच खासदार. 1960 ते 63 आरोग्यमंत्री, आणि 1968 मध्ये तेच ते बाहेरून आलेल्यांविरुद्धचं भाषण. खाली पेशंट, वर आम्ही. आई पेशंटांच्या नोंदी ठेवायचे लॉइड जॉर्जचे ते पिवळट लिफाफे लावायची आणि आत मराठीत चिठ्ठी सरकवायची: 'पाठ दुखत नाहीये, सुट्टी हवीय.' बाबा गंभीर चेहऱ्याने पाठ तपासायचे.

लोणचं: आणि आईंना पगार?

जुनी_पाटी: शून्य. पण माझ्या आईवर जाऊ नका.

मुक्काम_लीड्स: जाणारच! आमच्या मावशीने तीस वर्षं तेच केलं. ही तुमची भागीदारी बायकांच्या फुकट राबण्यावर उभी होती. ट्रस्टकडे निदान पगाराची पावती मिळते आणि पेन्शन लागते.

घाटावरचा: मुळात मिरजेच्या सरकारी कॉलेजात आमच्या करावर शिकायचं आणि खोकला इंग्रजांचा तपासायचा! तिकडे आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र डॉक्टरची वाट बघतंय.

जुनी_पाटी: आले कर भरणारे. 1971 मध्ये जन्मला होतात का? बाबांनी पुढे गावातल्या केंद्राला ईसीजी मशीन पाठवलं. दोन वर्षं कुलुपात होतं, किल्ली सापडत नव्हती म्हणे.

घाटावरचा: किल्लीचं खरं असेल. बाकी मुद्दा सोडत नाही.

मुक्काम_लीड्स: धाग्याचं भरीत झालं. खडूसराव, एकच सांगा. तुमच्यानंतर दवाखाना कोण घेणार? पोरं भागीदारी घ्यायला तयार नाहीत. इमारतीचं कर्ज कोण अंगावर घेतो?

खडूस_जीपी: माझे दोन भागीदार पुढच्या वर्षी सुटतायत. जाहिरात दोनदा दिली. एक अर्ज आला, त्यालाही पगारी जागाच हवी होती. गेल्या महिन्यात जवळच्या ट्रस्टचा एक माणूस 'सहज' येऊन गेला. चहा पाजला. सही केलेली नाही. तुमचं तत्त्व मला अजूनही पटत नाही.

लोणचं: चहाबरोबर बिस्किटं दिलीत?

खडूस_जीपी: दिली.