काळ्या जमिनीवरील घरात फिशटँकचा स्टँड समतल कसा करावा?

नमस्कार. आमचे घर हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात आहे. पुतणीच्या हट्टापायी आम्ही ३ फूट लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच अशी ८ मिलिमीटर काचेची टाकी आणली आणि तिच्यासाठी लोखंडी अँगलचा स्टँड करवून घेतला. वर दोन इंच सोडून भरले तरी पाणीच सुमारे १४० लिटर, म्हणजे तितकेच किलो होते. त्यात काचेचे तीसएक किलो आणि २० किलो खडी मिळवली, तर चार पायांवर १९० किलोंचा भार येणार आहे.

अडचण अशी, की बैठकीच्या खोलीत ठेवल्यावर स्टँडचा मागचा उजवा पाय ४ मिलिमीटर अधांतरी राहतो. मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने पाहिले, तेव्हा तीन फुटांत फरशीला ९ मिलिमीटर उतारही निघाला. उताराचे कारण उघड आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या मुरमात बसवलेली शहाबादी फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. आमच्या कपाटाच्या पायाखालची चिपटी दर वर्षी बदलावी लागते. पण अधांतरी पाय हा फरशीचा दोष आहे की वेल्डिंगच्या वेळी स्टँडलाच पीळ आला आहे, हे मला ठरवता येत नाही. स्टँड करणारे म्हणतात, की पाणी भरले म्हणजे वजनाने तो आपोआप बसेल. लोखंड बसेलही, पण त्याच्याबरोबर पिळली जाणारी काच कशी बसेल?

मिस्त्री तेवढ्या जागेपुरता कोबा करा म्हणतात, सासऱ्यांना सागवानी पाचर पुरेशी वाटते आणि मी टाकीखाली जाड थर्माकोल घालण्याच्या विचारात आहे. यांपैकी काय करावे?

प्रतिसाद: ताई, उतार आणि पीळ वेगळे धरा, कारण काचेला खरा धोका पिळाचा असतो. स्टँड उलटसुलट फिरवून काही कळणार नाही, कारण कर्णावरचे पाय त्याच कर्णावर राहतात. त्याऐवजी वरच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणा. मध्ये त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली घेऊन पुन्हा पाहा. अंतर पडले किंवा एक दोरी दुसरीला दाबू लागली, तर चौकट पिळलेली आहे आणि स्टँड परत न्यावा लागेल. चौकट सरळ निघाली, तर चारही पायांना नट वेल्ड करून फिरते बोल्ट बसवून घ्या. कोबा त्याच जमिनीवर बसणार असल्याने तोही हलेल; बोल्ट मात्र पुढच्या पावसाळ्यानंतरही फिरवता येतील. प्रत्येक बोल्टखाली चार इंची लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर फरशी तडकेल. पाचर घालायचीच असेल, तर ती पायाखाली घाला, टाकीखाली कधीही नाही. थर्माकोल खडा किंवा वेल्डिंगचा उंचवटा झाकतो, पीळ झाकत नाही; टाकीचा तळ सपाट काचेचा असेल तरच तो घाला, खाली प्लास्टिकची चौकट असेल तर नको.

ताई: मनापासून आभार. आताच दोऱ्या ताणून पाहिल्या, मध्ये बोटभर अंतर आहे. उद्या स्टँड टेम्पोत घालून परत नेते. बोल्टही तिथेच बसवून घ्यावेत, की आधी चौकट सरळ झालेली पुन्हा दोऱ्यांनी तपासावी?

प्रतिसाद: आधी चौकट. आणि तपासणी दुकानातच करा, घरी आणून नव्हे.