शब्दचर्चा : त्रैक्य

प्रश्न : ख्रिस्ती उपासनेची एक छोटी पुस्तिका तपासते आहे. तिच्यात ‘हे पवित्र त्रैक्या, आम्ही तुमची आराधना करतो’ असे वाक्य आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघे म्हणून ‘तुमची’ ठेवावे, की ‘तुझी’ करावे? आणि त्रैक्य म्हणजे त्रिमूर्तीच ना? मग नेहमीच्या ओळखीचा शब्द का वापरू नये?

उत्तर : ‘तुझी’ करा. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव; हा शब्द नपुंसकलिंगी एकवचनी आहे आणि प्रार्थनेत त्याला ‘तू’ म्हणूनच हाक मारतात. ‘त्रैक्य आम्हांवर कृपा करो’ असे म्हणावे, ‘करोत’ म्हटले की तीन देव झाले. येशूने शिष्यांना ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा द्यायला सांगितले ते वाक्य (मत्तय २८:१९) नीट वाचा. नावे तीन उच्चारली आहेत, पण ‘नावाने’ एकवचनी आहे, ‘नावांनी’ नाही. मूळ ग्रीकमध्येही तिथे एकवचनच आहे.

त्रिमूर्ती मात्र नको. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामे वाटलेली असतात. ख्रिस्ती श्रद्धेत अशी वाटणी नाही. पित्याने निर्माण केले, पुत्राने तारले, आत्म्याने पवित्र केले असे आपण बोलतो खरे, पण निर्मितीत पुत्र आणि आत्मा बाहेर उभे होते असे चर्चने कधी म्हटलेले नाही. शिवाय ‘मूर्ती’ म्हणजे रूप. एकच देव तीन रूपे पालटतो हे मत तिसऱ्या शतकातच नाकारले गेले. त्रैक्य या शब्दात जोर ‘ऐक्या’वर आहे, म्हणून तो मला उजवा वाटतो.

प्रश्न : व्याकरणाची शंका. त्रि + ऐक्य यांचा संधी ‘त्र्यैक्य’ व्हायला हवा ना? प्रति + एक = प्रत्येक, तसा.

उत्तर : काटेकोर नियमाने तसाच. पण ‘मतैक्य’सारख्या शब्दांनी घडलेल्या कानाला ‘त्रैक्य’ सहज वाटते आणि उपासनेत तेच रूढ आहे. ‘त्रिएक देव’ असेही विशेषण म्हणून वापरतात, तेही चालेल. रूढ झालेला शब्द दुरुस्त करायला जाऊ नये.

प्रश्न : माझी अडचण ‘तीन व्यक्ती, एक देव’ यातल्या ‘व्यक्ती’ची आहे. तीन व्यक्ती म्हटले की तीन माणसे डोळ्यांपुढे येतात.

उत्तर : अडचण खरी आहे, आणि ती मराठीपुरती नाही. याच जागी ग्रीकमध्ये ‘हिपोस्टासिस’, लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ हे शब्द होते, आणि दोन्ही बाजूंना समोरच्याच्या शब्दाबद्दल संशय होता. लॅटिनमध्ये लिहिणारा प्राचीन धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याने तर स्पष्ट लिहिले की ‘तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो ते गोष्ट नेमकी सांगता येते म्हणून नाही, तर गप्प बसावे लागू नये म्हणून. संस्कृतात ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ प्रकट होणे असा आहे, त्याने थोडा दिलासा मिळतो. तरी व्याख्येच्या ओझ्याखाली शब्द वाकतातच.

मला वाटते, आपण नामांवर फार थांबतो. त्रैक्याचा अर्थ प्रार्थनेत विभक्तिप्रत्ययांमध्ये आणि शब्दयोगी अव्ययांमध्ये भरलेला आहे. मिस्सातल्या (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेतल्या) बऱ्याच प्रार्थना कशा संपतात ते पाहा : विनंती पित्याला, ख्रिस्ताद्वारे, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात. ‘ला’, ‘द्वारे’, ‘त’. प्रार्थना करणारा माणूस त्रैक्याकडे लांबून बघत नाही, तो आत्म्याच्या आत उभा राहून पुत्राच्या हाताने पित्याकडे जात असतो. हे तीन प्रत्यय कळले की त्रैक्य बरेचसे कळले.

आणि यावर वाद झालेला आहे! चौथ्या शतकात कैसरियाचा (आजच्या तुर्कस्तानातले शहर) बिशप बाझील गौरवस्तुती, म्हणजे देवाला गौरव देणारे छोटे वाक्य, दोन प्रकारे म्हणत असे. कधी ‘पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’, तर कधी ‘पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्यासोबत’. विरोधकांना ‘सह’ खुपले. त्यांच्या मते ‘द्वारे’ आणि ‘त’ या शब्दांवरून पुत्र आणि आत्मा खालच्या पायरीवरचे ठरत होते. त्यावर बाझीलने ‘पवित्र आत्म्याविषयी’ हा अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा मोठा भाग या इवल्याशा शब्दांवर आहे. त्याचे म्हणणे असे की ‘द्वारे’ म्हणताना आपण देवाने आपल्यावर केलेले उपकार सांगतो आणि ‘सह’ म्हणताना त्याचा महिमा सांगतो. दोन्ही हवेत. एक प्रत्यय वाचवण्यासाठी कुणी इतके झटले, हे वाचून मी भारावून जातो.

बाझील ३७९ मध्ये वारला. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपांच्या परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, पवित्र आत्म्याबद्दल काय आहे? पुत्राला लावलेला ‘पित्याशी एकतत्त्व’ हा शब्द आत्म्याला लावलेला नाही. तिथे म्हटले आहे की पिता व पुत्र यांच्यासह त्याची आराधना व गौरव होतो. म्हणजे आत्म्याचे देवपण तिथे उपासनेच्या क्रियापदांतून सांगितले आहे.

प्रश्न : मग ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो’ हे ‘सह’च्या बाजूचे?

उत्तर : हो, अगदी. तिघांनाही एकच ‘ला’. मराठीत हा सारखेपणा कानाला लगेच जाणवतो. म्हणून पुस्तिकेत ‘पिता, पुत्र व पवित्र आत्म्याला’ असा आटोपशीर मजकूर असेल तर प्रत्यय तिन्ही ठिकाणी परत लावा. जागा वाचवायला हा मजकूर योग्य नव्हे.

प्रश्न : आणखी एक शंका. ‘त्रैक्याचे रहस्य’ की ‘गूढ’? ‘रहस्य’ म्हटले की उकलायची रहस्यकथा वाटते.

उत्तर : दोन्ही बरोबर, मी ‘रहस्य’ ठेवीन. मुळात शब्द ‘रहस्’ म्हणजे एकांत यावरून आला, एकांतात जवळच्याला सांगायचे ते. ख्रिस्ती उपासनेतला अर्थ याच्या जवळ जातो : देवाने स्वतःहून उघड केले म्हणूनच कळलेले, आणि कळल्यावरही न संपणारे. ‘गूढ’ शब्दात झाकलेपणा जास्त आहे. पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, त्यानंतरच्या रविवारी त्रैक्याचा सण असतो, आणि तो बरोबर तिथे येतो. पुत्राचे येणे आणि आत्म्याचे उतरणे साजरे करून झाल्यावरच हा शब्द उच्चारायचा.

पुस्तिकेसाठी एवढे करा : ‘तुझी आराधना’, ‘नावाने’ एकवचनी, गौरवस्तुतीत तिन्ही ‘ला’, आणि प्रार्थनेच्या शेवटी ‘ख्रिस्ताद्वारे’च्या जागी ‘ख्रिस्तामुळे’ आले असेल तर ते बदला. ‘मुळे’ने कारण सांगितले जाते, ‘द्वारे’ने वाट.