शब्दचर्चा : ‘कॅन्यन’ला काय म्हणावं? दरी, घळई की बोळ?

भित्तिपत्रक : सोलापुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचं भित्तिपत्रक यंदा पूर्ण मराठीत करतोय. विषय मायकेल रॉसमन. जन्म फ्रँकफुर्टचा, १९३०चा. ज्यू असल्यामुळे १९३९ साली आईबरोबर इंग्लंड गाठावं लागलं. ग्लासगोत पीएचडी, मग केंब्रिजला मॅक्स पेरुट्झ यांच्याकडे हिमोग्लोबिनच्या रचनेचं काम, आणि १९६४पासून २०१९मध्ये जाईपर्यंत अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ. १९८५मध्ये त्यांच्या गटाने सर्दीच्या एका विषाणूची रचना अणू न् अणू दाखवण्याइतकी बारकाईने मांडली, तीही क्ष-किरणांनी. (‘एक्स’ला ‘क्ष’ करणाऱ्याला माझा नमस्कार. असा नेमका शब्द पुन्हा सुचायचा नाही.)

इथवर गाडी नीट चालली, पुढे रुतली. त्या विषाणूच्या अंगावर त्यांना खोल चर दिसले. त्यांना त्यांनी ‘कॅन्यन’ म्हटलं. कोशात ‘दरी’ मिळते, पण दरी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. सुचवा.

नकाशा : सर, भूगोलाच्या पुस्तकात ‘घळई’ आहे. उभ्या भिंती, अरुंद, खोल. ‘निदरी’ही आहे, पण ती घेऊ नका. वर्गात वाचली की पोरं निद्रेशी नातं जोडतात, अनुभव आहे.

ऱ्हस्वदीर्घ : विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. ‘विषाणू’ एकटा असताना दीर्घ, पण ‘विषाणुशास्त्र’ लिहिताना णु ऱ्हस्व. आणि ‘रचनात्मक जीवशास्त्र’ कृपया लिहू नका. मराठीत ‘रचनात्मक कार्य’ म्हणजे विधायक कार्य, खादी-ग्रामोद्योगाच्या काळापासून. रॉसमन यांचं काम रेणूंची ठेवण शोधण्याचं. त्याला ‘संरचना जीवशास्त्र’ म्हणा.

भित्तिपत्रक : मान्य. मथळा तसाच छापून बसलो होतो, आता खोडतो.

पिपेट : शब्द ठरवण्याआधी तो चर काय काम करतो ते बघा, नाहीतर नुसता आकार हातात राहील. या विषाणूचं कवच प्रथिनांचं. त्याला वीस त्रिकोणी बाजू आणि बारा टोकं. प्रत्येक टोकाभोवती हा चर फिरतो, साधारण अडीच नॅनोमीटर खोल. अख्खा विषाणू तीस नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या मानाने चर चांगलाच खोल. आपल्या पेशीवर ‘आयकॅम-१’ नावाचा रेणू असतो, त्याचं टोक बारीक. ते चराच्या तळाशी जाऊन बसतं आणि विषाणूला घरात शिरायची वाट मिळते. प्रतिपिंडाचा, म्हणजे विषाणूला पकडणाऱ्या अँटिबॉडीचा, हात मात्र टोकाशी जोडमण्यांसारखा, जवळजवळ दुप्पट रुंद. तो तळापर्यंत पोचत नाही, असं रॉसमन यांचं म्हणणं होतं. म्हणून काठावरची प्रथिनं सारखी बदलत राहिली, प्रतिपिंडांना चकवत राहिली, तरी तळ तोच ठेवता येतो. शब्दाने हे दोन्ही सांगावं : बारीक असेल ते आत, जाड असेल ते बाहेर.

धोटा : मग ‘बोळ’ म्हणा की. पूर्व भागात आमचा कारखाना आहे तिथल्या बोळात टेंपो शिरत नाही. चादरींचे गठ्ठे सायकलवर नाहीतर डोक्यावर न्यायचे, टेंपो तोंडाशी उभा. प्रतिपिंड म्हणजे टेंपो. झालं!

नकाशा : पण बोळाला दोन तोंडं असतात, इकडून शिरा, तिकडून निघा. हा तर टोकाभोवती फिरलाय.

धोटा : गोल बोळ. आमच्याकडं आहे तसला पण एक. नवखा माणूस फिरून फिरून त्याच पानटपरीपाशी येतो.

पिपेट : बोळ मला मनापासून आवडला, पण घोळ असा की १९९६मध्ये एका प्रतिपिंडाचा हात या चरात खोलवर शिरलेला दिसला. म्हणजे ‘शिरत नाही’ हे पूर्ण खरं राहिलं नाही. आयकॅम-१ तिथेच बसतो, यात मात्र बदल नाही. टेंपोवाल्याने शेवटी गाडी घातलीच म्हणायची.

धोटा : घालतात की. आरसे मिटवून.

भित्तिपत्रक : मग शब्द आकाराचाच बरा, कामाचा नको. काम पुढे बदललेलं कळलं तर शब्द खोटा पडतो. ‘घळई’ घेतो. बोळ चित्राखालच्या ओळीत, टेंपोसकट. टेंपोचे आरसे मिटलेले काढायला सांगतो.

अजून एक. या चराच्या तळाखाली एक पोकळी आहे, तिला ‘पॉकेट’ म्हणतात. ‘खिसा’ लिहिलं तर फळ्यापाशी हशा होतो.

पिपेट : हसू द्या, खिसाच लिहा, गंमत त्यातच आहे. रॉसमन यांच्या गटाने १९८६मध्ये दाखवलं की काही औषधं नेमकी त्या पोकळीत जाऊन बसतात. ती बसली की तळ थोडा वर उचलला जातो आणि कवच ताठ होतं. मग विषाणूला आतला आरएनए सोडायला फट मिळत नाही. त्याच वाटेने प्लेकोनारिल नावाचं औषध आलं. २००२मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ते मंजूर केलं नाही. रुमाल आणि वाफारा चालू ठेवा.

धोटा : वरून दिसत नाही, तळाखाली आहे, आत काहीतरी दडवता येतं. त्याला नुसता खिसा कशाला म्हणताय? आजोबांच्या बंडीला आतून असायचा तो. चोरखिसा.

ऱ्हस्वदीर्घ : याला माझी एकही दुरुस्ती नाही.

भित्तिपत्रक : चोरखिसा! हा शब्द मोठ्या अक्षरात जाणार. धोटा, तुमचे आभार, भित्तिपत्रक लागलं की बघायला या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून.

आता शेवटचा पेच. सर्दीच्या या विषाणूचं नाव ‘ऱ्हायनोव्हायरस’. चित्रकलेची जबाबदारी जिच्याकडे आहे त्या अकरावीतल्या पोरीने मधोमध ऐटबाज गेंडा रंगवून ठेवलाय, शिंगाला सोनेरी पोस्टर कलर. खोडायला गेलो तर म्हणाली, सर, ग्रीकमध्ये ‘ऱ्हायनो’ म्हणजे नाक, गेंड्याचं नाव पण नाकावरूनच पडलंय. खरंच आहे तिचं. गेंड्याच्या हातात रुमाल देता येईल का, ते उद्या विचारतो.